चार लाखांची वाळू आणि सातबाऱ्यावरचा बोजा

प्रश्न: करमाळा तालुक्यात सीनाकाठी आमची चार एकर जमीन आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात दोन एकरांवर सरासरी दीड फूट वाळू बसली. एक ठेकेदार स्वतःच्या खर्चाने ती उचलून वर चार लाख देतो म्हणतो. माळढोक अभयारण्याचा एक तुकडा साधारण 700 मीटरवर आहे, म्हणून तहसीलमधून तोंडी नकार मिळाला. वकील दीड लाखात हायकोर्टात रिट याचिका करू म्हणतात. हाताशी मुलीच्या शिक्षणाची तीन लाखांची ठेव आहे, जूनमध्ये मुदत संपते. चार लाख घ्यावेत, की कोर्टात जावं?

उत्तर: दोन्ही नको. का, ते आधी वाळू मोजून पाहू.

दोन एकर म्हणजे 87,120 चौरस फूट. दीड फुटाने 1,30,680 घनफूट, म्हणजे साधारण 1,300 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). चार लाखांना भागलं तर ठेकेदार तुम्हाला ब्रासमागे जेमतेम 306 रुपये देतोय. सरकारचं स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासला 600 धरलं तरी तेच पावणेआठ लाखांच्या वर जातं. ते कोण भरणार? तुम्ही पाठवलेल्या करारनाम्याच्या मसुद्यात सातव्या कलमात उत्तर आहे: ‘परवाना, स्वामित्वधन व शासकीय बाबींची जबाबदारी जमीनमालकाची राहील.’ हे एक वाक्य चार लाखांपेक्षा महाग आहे.

शेतात आली म्हणून वाळू आपली, हा समज गावोगाव आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे गौण खनिजावर, म्हणजे वाळूवरही, हक्क सरकारचा. विनापरवाना उचललं तर 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. ठेकेदाराने फक्त 100 ब्रास नेले आणि भाव 3,000 धरला, तर दंड 15 लाखांपर्यंत जाऊ शकतो. तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो, म्हणजे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त बोजा चढतो. त्यानंतर पीककर्जाचं नूतनीकरण अडतं, आणि ते चारही एकरांवर. ठेकेदाराचा ट्रॅक्टर दंड भरून सुटेल, तुमचा गट नंबर कुठे जाणार?

आता अभयारण्याचं. केंद्राच्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत 15 जानेवारी 2016 ला जोडलेल्या परिशिष्ट 9 मध्ये, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणं पर्यावरण मंजुरीतून वगळलं आहे. ठेकेदार हेच दाखवतो, आणि तेवढ्यापुरतं खरं बोलतो. पण ही सूट फक्त त्या मंजुरीची आहे. स्वामित्वधन, तहसीलदारांची परवानगी आणि वन्यजीव कायदा या तिन्ही गोष्टी तिच्या बाहेर राहतात. शिवाय सूट ‘शेतकऱ्याने’ काढण्याला आहे. डंपर लावून विकणारा शेतकरी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2023 च्या आदेशात अभयारण्यापासून एक किलोमीटरच्या आत खाणकामावरची बंदी कायम ठेवली. तुम्ही 700 मीटरवर आहात.

शेत मोकळं करणं म्हणजे खाणकाम नव्हे, असा युक्तिवाद वकील करतील. तो चांगला आहे. पण वाळू विकली जाते त्या क्षणी तो लंगडा पडतो. कोर्टात मांडण्याजोगा मुद्दा आहे, मुलीच्या ठेवीवर मांडण्याजोगा नाही. शिवाय लेखी नकारच हातात नसेल तर रिटमध्ये आव्हान कशाला देणार? आधी तहसीलदारांकडे अर्ज द्या, पोच घ्या, लेखी उत्तर मागा. विरोधी आदेश आला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाला 60 दिवस असतात. पुढे हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जायचंच ठरलं तर नदीकाठचे आठ-दहा बाधित खातेदार मिळून जा, वकिलाची फी वाटून घ्या.

त्याआधी ते 700 मीटर कोणी मोजले, हे विचारा. हे अभयारण्य सलग नाही. पूर्वी 8,496 चौरस किलोमीटर होतं, फेररचनेनंतर 1,222 उरलं, तेही सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी. वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे गट नंबर देऊन हद्दीपासूनचं हवाई अंतर लेखी मागा. गटाच्या कडेपर्यंतचं, मोबाइलवर दिसणारं रस्त्याचं नव्हे. ते एक किलोमीटरच्या बाहेर निघालं तर स्वामित्वधन भरून रीतसर विक्रीचा विचार करता येईल, आणि हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

तोवर काय करायचं? वाळू शेताबाहेर न नेता एक एकर मोकळा करा. एका एकरावरची 653 ब्रास दुसऱ्या एकरावर सारली की तिथे थर तीन फुटांचा होईल. कोपऱ्यात ढीग लावायचा मोह होतो, पण सगळी वाळू दहा गुंठ्यांत रचली तर सरळ उभी बारा फूट चढते. वाळू तशी उभी राहत नाही, उतार धरते आणि पंधरा-वीस गुंठे खाते.

यासाठीही तहसीलदारांना लेखी कळवा: ‘विक्री नाही, वाहतूक नाही, त्याच गटात सपाटीकरण.’ पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने पायासाठी खोदलेली माती त्याच जागी वापरल्यास स्वामित्वधन लागत नाही, अशा अर्थाचा निकाल दिला. पण तिथे साधी माती होती. वाळूला तो जसाच्या तसा लागेल असं धरून चालू नका, म्हणूनच हे पत्र हवं.

जेसीबीवाल्याने तासाला 1,200 रुपये आणि दहा ब्रास सांगितलंय. 65 तास, म्हणजे 78,000 रुपये. ठेव मोडू नका, तिच्यावर 80,000 ची उचल घ्या. ठेवीला 7 टक्के मिळतात, बँक उचलीला 8.5 लावते. फरक दीड टक्क्याचा, आठ महिन्यांचे 800 रुपये. फक्त जूनमध्ये ठेवीतून ही रक्कम वळती होईल. मग फीसाठी उरलेले साधारण दोन लाख वीस हजार पुरतात का, ते आत्ताच बघा.

एक मात्र यंत्र लावण्याआधी: पंचनामा. तीन इंचांपेक्षा जास्त गाळ-वाळूसाठी आपत्ती निधीच्या निकषात हेक्टरी 18,000 आहेत, तुमच्या दोन एकरांचे, म्हणजे 80 आरचे, 14,400. खरडून गेलेल्या जमिनीचा निकष वेगळा, हेक्टरी 47,000, आणि राज्याच्या ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजमध्ये रोजगार हमीतून आणखी तीन लाखांपर्यंतचं काम. बांधाकडची माती वाहून गेली असेल तर ते क्षेत्र स्वतंत्र लिहून घ्या. ‘वाळू साचली’ एवढंच लिहिलं की सगळं 18,000 च्या रकान्यात जातं.

पाच ठिकाणी जुन्या काळ्या मातीपर्यंत खड्डे घ्या, टेप लावून फोटो काढा. वाळू सारताना मधे वाळूचे तीन-चार खांब न काढता राखा, मोजणीला तेच कामी येतात. काळी माती लागली की बकेट थांबवा. त्याखाली गेलात तर मोजणीत ते उत्खनन ठरतं. आणि नदीकडच्या बाजूला चर मारून वाट बंद करा. रात्री पात्रातली वाळू तुमच्या शेतातून निघाली तर चाकोऱ्या तुमच्याच गटात सापडतील.

पहिल्या हंगामात ऊस नको, हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून गाडा. नेहमीच्या उत्पन्नाचे एकरी 60,000 लगेच धरू नका. निम्मे धरले तरी खर्च तीन हंगामांत फिटतो.