‘तारण घेतलं’ म्हणू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वाचकाने विचारलं आहे : “आमच्या आत्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी, तान्ह्या असतानाच झाला. आता एका नव्या मंडळीतले लोक त्यांना विचारतात, ‘तुम्ही तारण घेतलं का? पाण्यात बुडून बाप्तिस्मा केल्याशिवाय तारण मिळत नाही.’ तारण होतं, मिळतं की घ्यायचं असतं? आणि बँकेतलं सोनेतारण ते हेच का?”

तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं. ‘मिळालं’ एक वेळ चालवून घेईन. ‘घेतलं’ आणि ‘मिळवलं’ मात्र कानाला बोचतात, आणि हल्ली कुठल्याही प्रार्थना मेळाव्याच्या मांडवात तेच ऐकू येतं.

मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तसं तरणे-तारणे. तरणारा आपला आपण तरतो. तारायला दुसरा कुणी तरी लागतो. ‘तारण’ या दुसऱ्या क्रियापदातून आलं, म्हणजे तारणारा त्या शब्दातच बसलेला आहे. मुळाशी संस्कृत ‘तॄ’, पलीकडे जाणे. तीर्थ त्यातलंच, मूळ अर्थ नदी ओलांडायची जागा. नदीचा उतार, म्हणजे चालत ओलांडता येईल अशी जागा, त्यातला, अवतारही त्यातला. आमच्याकडे पंचगंगेला पूर आला की उतार राहत नाही, तेव्हा गावोगावी गुऱ्हाळाची काहील, रस आटवायची मोठी कढई, पाण्यात सोडून माणसं पलीकडे नेत. काहिलीत बसलेल्या म्हातारीने फक्त कड घट्ट धरायची. पोहणारे ती ढकलत नेणार. पलीकडे उतरल्यावर ती ‘मी पार मिळवला’ म्हणत नाही. ‘तारलंस बाबा’ म्हणते.

आता खरी गंमत. बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे. तिथे ‘तारण’साठी जो शब्द आहे, ‘सोतेरिया’, त्यात पाण्याचा थेंब नाही. सुटका, सुखरूपपणा, असा त्याचा अर्थ. त्याच्याच क्रियापदाने आजारी माणूस ‘बरा’ही होतो. उलट ‘बाप्तिस्मा’च्या कुळात पाणीच पाणी : ‘बाप्तो’ म्हणजे बुचकळणे, कापड रंगात बुडवणे, आणि ‘बाप्तिझो’ तर बुडत्या जहाजालाही लावत. मराठीत हे उलटंपालटं झालं. ज्या शब्दात पाणी होतं तो कोरडाच उचलून ठेवला, आणि ज्यात नव्हतं त्यात नदी आली.

‘बाप्तिस्मा’ भाषांतरित न करण्यात शहाणपण होतं. बॅप्टिस्ट हा पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देणारा पंथ. बंगालीत बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी त्या जागी ‘बुडवणे’ अशा अर्थाचा शब्द घातला, तर 1836 मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीने त्या आवृत्तीला पैसे द्यायचं नाकारलं. न बुडवता नुसतं पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्यांना तो शब्द कसा चालावा? बॅप्टिस्टांनी मग आपली निराळी सोसायटी काढली. एका क्रियापदावरून! कोल्हापुरात 1852 साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि पुढे इथलं मिशन प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचं झालं. त्यांच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. बुडवणारेही आले. दोघांनाही ‘बाप्तिस्मा’ हाच शब्द पुरला, कारण त्याने मराठीत बाजू घेतलीच नव्हती. काही जण त्याला ‘नामकरण’ म्हणतात ते मात्र साफ चूक. नाव ठेवणं हा त्यातला वरचा भाग.

‘तारण’ने मात्र बाजू घेतली, तारणाऱ्याची, असं माझं ठाम मत आहे.

बँकेकडे वळू. हे दोन निराळे शब्द, योगायोगाने सारखे, असं सांगणारे जाणकार मला भेटलेत. मला ते मुळीच पटत नाही. ‘गहाण’ ग्रहणातून आलं, तो सावकाराच्या बाजूचा शब्द : त्याने वस्तू धरली. ‘तारण’ त्याच वस्तूकडे दुसऱ्या काठावरून पाहतं : कर्ज पार नेणारी ती. गुजरी या आमच्या सराफ बाजाराजवळच्या एखाद्या पतसंस्थेत जाऊन पाहा. सोनार पाटल्या कसोटीवर घासतो, तोलतो, पिशवीला लाखेची मोहोर लागते, आणि कर्जदार बाई तिकडे बघत उभी असते. तिची पत तिच्या बोलण्यावर नाही, त्या पिशवीवर उभी आहे. तिच्या जागी दुसरं काही तरी भरवसा देतं आहे.

आणि मराठी बायबल हा दस्तऐवजाचा शब्दसाठा उघड वापरतं! नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात येशू कराराचा ‘जामीन’ आहे. मार्काच्या शुभवर्तमानात तो आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. इफिसकरांस पत्रात पवित्र आत्मा ‘वतनाचा विसार’ आहे. विसार! जमिनीचा सौदा ठरला की आधी हातावर ठेवतात तो. ग्रीक शब्द ‘अराबोन’ही व्यापाऱ्यांचाच, सेमिटिक भाषांतून आलेला, अर्थ तोच. ज्याने तिथे ‘विसार’ लिहिलं त्याला मी मनापासून नमस्कार करतो. जामीन, खंडणी, विसार यांच्या शेजारी तारण ठेवून पाहा आणि मग म्हणा दोन शब्द निराळे.

‘पण फिलिप्पैकरांस पत्रात “आपले तारण साधून घ्या” असं आहेच की,’ असा मुद्दा मला एकदा फार जोरात ऐकवला गेला. पुढची ओळ वाचा. तिथे ते ‘साधून देणारा’ देव आहे. घ्या आणि देणारा, एकाच दमात. पहिलं वाक्य तोडून फलकावर लावणाऱ्यांचा मला राग येतो.

आत्यांचं राहिलंच. कॅथलिकांच्या मते बाप्तिस्म्यातच नवा जन्म होतो, मग तो तान्ह्याचा का असेना. प्रेस्बिटेरियन त्याला कराराची खूण आणि शिक्का मानतात. बॅप्टिस्ट म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी. निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या कबुलीत, ‘एकच बाप्तिस्मा’ आहे, म्हणून पहिले दोघे दुसऱ्यांदा देत नाहीत. बुडवणारे म्हणतात, पहिला बाप्तिस्मा झालाच नव्हता, मग दुसरा कसला? 1970 मध्ये नागपुरात निरनिराळे पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा तिने दोन्ही रीती मान्य केल्या. हा निकाल शब्दकोशातून लागणार नाही. पण आत्यांना विचारणाऱ्यांनी मार्काच्या सोळाव्या अध्यायातलं वाक्य मराठीत नीट वाचावं : जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा ‘घेतो’ त्याचे तारण ‘होईल’. त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, शिक्षेच्या बाजूला, फक्त विश्वास न धरणारा आहे. पाण्याचा उल्लेख तिथे नाही.