सर्व्हर एका देशात, खटला दुसऱ्या देशात

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सायबर कायद्यात काम करायचं आहे. पण मित्र म्हणतात, इंटरनेटला सीमाच नाहीत, तर तू कुठल्या देशाचा कायदा शिकणार? त्यापेक्षा सायबर सुरक्षेचा सहा महिन्यांचा कोर्स करू का?

उत्तर : तुझ्या मित्रांचा युक्तिवाद याहू या अमेरिकी इंटरनेट कंपनीनेही करून पाहिला होता. साइटवरचे नाझी वस्तूंचे लिलाव फ्रान्समधल्या लोकांना दिसू देऊ नका, असं 2000 साली पॅरिसच्या न्यायालयाने बजावलं. सर्व्हर अमेरिकेत आहे, बघणारा फ्रान्सचा हे ओळखायचं कसं, असा कंपनीचा सवाल होता. न्यायालयाने तज्ज्ञ नेमले. सुमारे 70 टक्के फ्रेंच वापरकर्ते आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्राच्या क्रमांकावरून, ओळखता येतात, असं त्यांनी सांगितलं. मग आदेश कायम झाला आणि तो न पाळल्यास दिवसाला 1 लाख फ्रँक दंड ठरला. पण हा आदेश अमेरिकेत बजावता येईल का? त्यावर तिथल्या न्यायालयांत 2006 पर्यंत काथ्याकूट झाला आणि सरळ उत्तर मिळालंच नाही.

तुझं करिअर या फटीत आहे. आदेश काढणं एक, तो परदेशात बजावणं दुसरं.

मला स्वतःला मायक्रोसॉफ्टचा खटला जास्त आवडतो. अमेरिकी सरकारने 2013 मध्ये डब्लिनच्या सर्व्हरवरचे ईमेल मागितले. वॉरंट आयर्लंडपर्यंत पोचत नाही, असं कंपनी म्हणाली आणि 2016 मध्ये अपिलात जिंकलीसुद्धा. सुप्रीम कोर्टाचा निकाल यायच्या आत, मार्च 2018 मध्ये, संसदेने क्लाउड कायदाच केला : डेटा कुठेही असो, तो कंपनीच्या ताब्यात असेल तर द्यावा लागेल. खटल्यात दमच उरला नाही.

हे निकाल मुळातून वाच, बातम्यांतून नको. वाचताना तीन रकाने आख : मजकूर कुठे, वाचणारा कुठे, कंपनीची माणसं आणि पैसा कुठे. तिसऱ्यावर जास्त वेळ दे, कारण आदेश बजावायचा तो तिथेच. खासगी आंतरराष्ट्रीय कायदा (खटला कुठल्या देशात चालणार, कुठला कायदा लागणार हे ठरवणारा) हा विषय रुक्ष म्हणून मुलं टाळतात; मिळत असेल तर तू तोच घे. नोकरीची काळजी असेल तर एवढंच बघ : 2018 पासून लागू झालेला जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा, तिथल्या लोकांना सेवा देणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही लागू होतो. त्यांनाही हा कायदा समजावून देणारं कुणीतरी लागतंच.

राहिला कोर्स. आयपी पत्ता, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी व्यवस्था), सर्व्हर कसे चालतात एवढं तुला कळायला हवं. त्याला सहा महिने लागत नाहीत, सुट्टीचा एक महिना पुरे.