हर्णैची खारी हवा, साडेतीन वर्षांचा फोन आणि नुकतंच आलेलं मॉडेल: बदलावा की नाही?

प्रश्न: हर्णै बंदराजवळ आमचा होमस्टे आहे. फोन अँड्रॉइड, साडेतीन वर्षांचा, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. दुपारीच बॅटरी उतरते, केबल हलवून हलवून चार्जिंग लागतं, बुकिंगच्या गडबडीत फोन अडकतो. त्याच कंपनीचं नवं मॉडेल गेल्या आठवड्यात आलंय. किंमत ३८ हजार, जुन्याचे साडेपाच हजार देतायत. पाण्यातही चालतो म्हणतात. घेऊ का?

उत्तर:

लगेच नको. तुमच्या तीन तक्रारींतली एक चार्जिंग पोर्टची आहे, एक बॅटरीची आणि एक भरलेल्या स्टोरेजची. तिन्ही मिळून बहुधा ३८ हजारांच्या दहाव्या हिश्श्यात निघतील. आणि बंदराची जी हवा या फोनला लागली, तीच नव्यालाही लागणार आहे.

आधी पोर्ट, कारण किनाऱ्यावर फोन तिथूनच खराब व्हायला लागतो. फोन समुद्रात पडायलाच हवा असं नाही. खारं वारं, ओले हात, खिशातली वाळू आणि कापसाची धूळ यांचा लगदा पोर्टच्या तळाशी बसतो. समुद्राच्या मिठात नुसतं खाण्याचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि ते हवेतली आर्द्रता ओढून घेतं. त्यामुळे वरून कोरडा दिसणारा पोर्ट जूनपासून आतून ओलाच राहतो. त्यात चार्जर जोडला की पिनांमधून वीज आणि खारं पाणी एकत्र येतात, इलेक्ट्रोलिसिस होतं, वरचा मुलामा जातो आणि हिरवट-काळसर गंज चढतो. फोन कोरडा असताना 'पोर्टमध्ये ओलावा आहे' अशी सूचना पुन्हा पुन्हा येत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच.

पहिल्यांदा दुसरी, खात्रीची केबल लावून बघा. बऱ्याचदा दोष केबलच्या टोकाचा असतो. तरी जमलं नाही तर फोन बंद करून टॉर्चने आत बघा. लाकडी टूथपिक चाकूने बारीक तासून तळाचा कचरा हळूच ओढून काढा. सुई किंवा टाचणी अजिबात नको, मधली जीभ खरवडली की पोर्ट गेलाच. मग मऊ ब्रशला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलसर लावून पिना पुसा (दुकानदार याला आयपीए म्हणतात) आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा. अत्तर, सॅनिटायझर, डिझेल यांतलं काहीही चालणार नाही. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकट द्रव्यं असतात.

पिना खाल्ल्या गेल्या असतील तर पोर्टच बदलावा लागेल. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट खालच्या छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो. दुरुस्तीवाले त्याला सीसी बोर्ड म्हणतात. तो स्क्रू काढून बदलता येतो आणि स्वस्त असतो. काही मॉडेलांत मात्र पोर्ट मुख्य बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, तिथे कारागीर चांगला लागतो. फोन उघडलाच तर मुख्य बोर्डावर, विशेषतः कनेक्टरांच्या कडेला, पांढरी किंवा हिरवी बुरशीसारखी कीट आहे का ते दाखवायला सांगा. या एका पाहणीवर पुढचा निर्णय बराचसा ठरेल. कीट नसेल तर फोनवर खर्च करण्यात अर्थ आहे. ती प्रोसेसरभोवतीच्या धातूच्या झाकणाखाली शिरली असेल तर आज दुरुस्त झालेला फोन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बंद पडू शकतो.

बॅटरी साडेतीन वर्षांत थकते, त्यात नवल नाही. लिथियम-आयन बॅटरी शेकडो पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. ॲपलने आयफोन १४ पर्यंत हा हिशोब ५०० चार्जचा धरला होता, १५ पासून १००० चा. बॅटरी आरोग्याचा आकडा आता काही अँड्रॉइड फोनही दाखवतात. तुमच्यात नसेल तर लक्षणांवर जा: २०-२५ टक्क्यांवर अचानक बंद पडणं, कॅमेरा उघडताच आकडा कोसळणं. मागचं झाकण उचललेलं वाटलं तर बॅटरी फुगलीय. मग दाबून बसवायला जाऊ नका आणि चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. बॅटरी अधिकृत केंद्रातूनच बदला. मधल्या किमतीच्या अँड्रॉइडला साधारण दोन-तीन हजारांच्या घरात खर्च येतो. बदलताना कडेची चिकट पट्टी नवी लावायला सांगा. जुनीच पट्टी पुन्हा दाबली तर पाण्यापासूनचा असेल-नसेल तो बचाव संपतो.

अडकण्याचं कारण सोपं आहे. पाहुण्यांनी पाठवलेली आधारकार्डं, समुद्राचे व्हिडिओ, गावच्या ग्रुपवरचे शुभ सकाळ. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज सेटिंगमध्ये सगळ्यात जड चॅट वर दिसतात, तिथून उडवा. एकूण जागेपैकी १५ टक्के, म्हणजे २० जीबीच्या आसपास, मोकळी ठेवा.

आता नवा घ्यावाच लागेल असं कधी? सगळ्यात ठाम कारण म्हणजे सुरक्षा अपडेट बंद होणं. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', मग अँड्रॉइड व्हर्जन, तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती वर्षभर मागे असेल आणि सगळं बुकिंगचं पैशाचं काम त्याच फोनच्या यूपीआयवर असेल, तर बॅटरी नवी घालूनही उपयोग नाही. नवा निवडतानाही हेच आधी बघा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. दहा-पंधरा हजारांच्या अनेक फोनांना याच्या निम्मेही मिळत नाहीत. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. ऑफरमध्ये मिळणाऱ्या दोन वर्षं जुन्या मॉडेलचं खरं आयुष्य तेवढं वजा करून धरा.

दुसरं कारण रेंज. कोकणातलं गाव म्हणजे दरी, माड आणि जाड चिऱ्याच्या भिंती. तिथे वरच्या वारंवारतेचा सिग्नल दमतो, खालचा पोचतो. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे असाच खालचा सिग्नल, फक्त जिओने घेतला. फोनच्या तपशिलात तो ५जीचा एन२८ बँड म्हणून दिसतो. बीएसएनएलचं ४जीही ७०० आणि २१०० वर आहे, म्हणजे ४जीचे बँड २८ आणि १. सुरुवातीच्या काही ५जी फोनमध्ये एन७८ हा वरच्या वारंवारतेचा बँड सोडून फारसं काही नव्हतं. बंदरात चालेल, पण घराच्या मागच्या खोलीत नाही. कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर नेटवर्कच्या रकान्यात हे आकडे तपासा. आधी मात्र शेजाऱ्याचा नवा फोन तुमचंच सिम घालून तुमच्याच मागच्या खोलीत लावून बघा. त्यालाही एकच दांडी येत असेल तर दोष टॉवरचा, आणि ३८ हजारांनी टॉवर जवळ येत नाही.

'पाण्यात चालतो' याबद्दल जरा सविस्तर, कारण समुद्रकाठी विक्री याच वाक्यावर होते. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा. आयपी६८ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त पाण्यात, कंपनीने ठरवलेल्या खोलीवर आणि वेळेपुरता टिकतो. चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात होते. आयपी६९ हा गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा निकष, त्यातही समुद्र नाही. आयपी५४ म्हणजे फक्त शिंतोडे. रबरी सील उष्णतेने, पडण्याने, काळाने सैल होतात. पाणी शिरल्याचं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत. आत एक पांढरी खुणेची पट्टी असते, द्रव लागला की ती लाल होते आणि केंद्रात तीच आधी बघतात. तरीही आयपी६७-६८ असलेला घ्या, पावसात आणि माशांच्या लिलावात तो उपयोगी पडतो. मात्र खाऱ्या पाण्याने भिजला तर लगेच गोड्या पाण्याने हलकेच धुवा, मऊ कापडाने पुसा, पोर्ट खाली करून झटका आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका. बिनआयपीचा फोन खाऱ्या पाण्यात पडला तर धुऊ नका. बंद करा, सिमचा ट्रे काढा आणि त्याच दिवशी उघडून आयपीएने साफ करून घ्या. तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदूळ मीठ काढत नाही, उलट पीठ पोर्टात जातं.

खेड-दापोलीत पाहुणे किंवा आप्त आखातातून फोन आणतात, म्हणून एक इशारा. आयफोन १७ मालिका यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीनमध्ये सिमच्या खाचेशिवाय, फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या डिजिटल सिमवर, विकली जाते. वादळात फोन गेला तर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्या फोनात घालता येतं. ई-सिम हलवायला बहुधा चालू इंटरनेट लागतं, आणि २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या पट्ट्यात वीज आणि रेंज किती दिवस नव्हती ते तुम्हाला सांगायला नको. अँड्रॉइडची वॉरंटीही बहुतेक वेळा त्या त्या देशापुरतीच असते.

घ्यायचंच ठरलं तर नव्या मॉडेलपेक्षा त्याच कंपनीचं मागच्या वर्षीचं वरच्या दर्जाचं मॉडेल बघा, अपडेटची वर्षं मोजून. ॲपल दर सप्टेंबरला जुन्याची किंमत उघडपणे कमी करतं. अँड्रॉइडच्या किमती दोन-चार महिन्यांत आणि दिवाळीच्या सेलमध्ये उतरतात. विकत घेण्याआधी कंपनीचं अधिकृत केंद्र कुठे आहे ते पक्कं करा. ते चिपळूण किंवा रत्नागिरीत नसून थेट पनवेलला असेल, तर डिस्प्ले फुटल्यावर दोन दिवस धंदा बंद धरा.

बदलाचा दिवस सोमवार-मंगळवार ठेवा, सलग सुट्ट्यांच्या आदल्या रात्री नको. यूपीआय नव्या फोनवर नोंदवताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि पहिले २४ तास पैसे पाठवण्यावर मर्यादा असते. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर व्हॉट्सॲपचं जुनं चॅट क्यूआर कोडने थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जातं, नेट न खाता.

साडेपाच हजारांचं एक्स्चेंज मी नाकारेन. बॅटरी-पोर्ट केलेला जुना फोन दुसरं सिम घालून होमस्टेचा फोन म्हणून ठेवा. विकायचाच झाला तर आधी गूगल खातं काढा, मगच फॅक्टरी रीसेट करा. उलट केलं तर पुढच्याला फोन तुमचाच पासवर्ड मागत राहतो. आणि कुणाचा वापरलेला घेताना *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, इंग्रजीत 'केवायएम' (KYM), मोकळी जागा आणि १५ आकडे अशा क्रमाने १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं.