कोल्हापूर–नागपूर विमान: ५३ मिनिटं की दीड तास?

तुम्ही विचारलंय की अंतर मोजणारी साइट ५३ मिनिटं सांगते आणि तिकिटावर दीड तास लिहिलाय, मग दुपारी दोनच्या कामाला कशाचा हिशेब धरायचा? तिकिटाचा. त्यातही तासभर हाताशी ठेवून.

साइटनं उजळाईवाडी (कोल्हापूरचं विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचं) अशी सरळ रेघ ओढलीय. ती जेमतेम ७०० किलोमीटर भरते आणि धाराशिव, गंगाखेड, यवतमाळ, वर्धा यांच्या आसपासून जाते. ७०० ला ताशी ८०० नं भागलं की ५३ मिनिटं! म्हणजे विमान जागेवरून हललं तेच ८०० च्या वेगानं, असं धरलंय.

तिकिटावरची वेळ मात्र विमान इथल्या पार्किंगमधून निघाल्यापासून तिथल्या पार्किंगमध्ये थांबेपर्यंतची असते. छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे (विमानांना ये-जा करायचा वेगळा रस्ता) नसला तर विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग उडतं. पुढची पंधरा-वीस मिनिटं वर चढण्यात जातात, तेव्हा वेग कमीच. उतरतानाही तसंच. वाऱ्याची दिशा बघून कुठल्या टोकानं उतरायचं ते ठरतं, त्यासाठी कधी वळसा पडतो. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचतं.

सगळ्यात मोठा फरक विमानाच्या जातीचा. एम्ब्रेअर १७५ हे जेट आहे, वरचा ८०० चा हिशेब अशाच विमानाचा. एटीआर ७२ पंख्याचं, ताशी ५०० च्या आसपास जातं. हेच अंतर एटीआरनं कापायचं तर नुसत्या उडण्यालाच जवळजवळ दीड तास लागेल, तिकिटावर पावणेदोन दिसतील. तेव्हा बुकिंग करताना विमानाचं नाव बघा, ते तिथे लिहिलेलं असतं. वाऱ्याचं विचाराल तर हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, नागपूरला जाताना ते पाठीशी असतात. पण एवढ्या अंतरात त्यानं दोन-चार मिनिटंच वाचतात, त्यावर काही ठरवू नका.

खरा वेळ जमिनीवर जातो. चेक-इनचा काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो, त्याआधी घर ते उजळाईवाडी. नागपूरला सामान यायची वाट, मग शहरात जाणं. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, हेही लक्षात असू द्या. घरापासून कामाच्या जागेपर्यंत साडेचार तास धरा. तरीही रस्त्यानं सोलापूर-नांदेडमार्गे साडेआठशेच्या आसपास किलोमीटर कापण्यापेक्षा हे केव्हाही बरं. महाराष्ट्र एक्सप्रेस तर पुणे, मनमाड, भुसावळ करत दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर नागपूरला टेकते. (वेळ असेल तर मला तीच आवडते, पण तो विषय वेगळा.)

एक मात्र बघाच. असे मार्ग बरेचदा 'उडान' या छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी योजनेच्या अनुदानावर सुरू होतात. ते तीन वर्षांपुरतं असतं आणि संपल्यावर अनेक फेऱ्या बंद पडल्यात. रोज विमान आहे असं गृहीत धरू नका, तुमच्या तारखेचा वार तपासा. विमान दुपारचं असेल तर आदल्या दिवशीच जा. नागपूरहून पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत.