चार महिन्यांनी शिक्षणासाठी लियाँला जायचं आहे, फ्रेंच शून्य. रोजच्या बोलण्याची सुरुवात कुठून करू?

व्याकरणाच्या तक्त्यांपासून नको. आपल्याकडे अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेली बरीच मुलं क्रियापदांची रूपं धडाधड लिहितात, पण तोंडाने एक पाव मागायची वेळ आली की गप्प. म्हणून मी तुम्हाला थेट बेकरीतच नेतो.

– बोंझूर मादाम. यून बागेत, सिल व्हू प्ले.
– आव्हेक ससी?
– से तू, मेर्सी.
– पार कार्त?
– वी. मेर्सी, बॉन झुर्ने!

नवशिका हमखास अडकतो तो दुसऱ्या ओळीला. 'आव्हेक ससी' म्हणजे शब्दशः 'याच्यासोबत?', अर्थ 'आणखी काही?'. उत्तर: 'से तू', एवढंच. 'पार कार्त' म्हणजे पैसे कार्डाने देणार का. बाकी 'सिल व्हू प्ले' म्हणजे कृपया, 'मेर्सी' म्हणजे धन्यवाद, 'वी' म्हणजे हो आणि 'बॉन झुर्ने' म्हणजे दिवस छान जावो. ही पाच वाक्यं दोन्ही बाजूंनी, मोठ्याने, रोज दहा वेळा म्हणा.

पहिला शब्द, 'बोंझूर' म्हणजे नमस्कार, मात्र कधीही गाळू नका. आपण दुकानात "अहो, हे केवढ्याला?" म्हणत सरळ मुद्द्यावर येतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिथे ते उद्धटपणाचं दिसतं. बसचालक, लिफ्टमधला शेजारी, दवाखान्यात बसलेले अनोळखी लोक, सगळ्यांना आधी बोंझूर. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचं 'बोंस्वार' होतं. 'बॉन न्युई' फक्त झोपायला जाताना. रात्री हॉटेलात शिरताना नव्हे. आणि त्याच माणसाला त्याच दिवशी पुन्हा बोंझूर म्हटलंत तर सकाळची भेट विसरलात असं त्याला वाटेल. तेव्हा 'रबोंझूर' म्हणा किंवा नुसतं हसा. 'साल्यू' मित्रांसाठी, येताना आणि जाताना दोन्ही.

'मेर्सी'चाही एक चकवा आहे. कुणी "कॉफी घेणार?" विचारलं आणि तुम्ही नुसतं 'मेर्सी' म्हणालात, तर ते 'नको' असंही समजलं जाऊ शकतं. हवी असेल तर 'वी, मेर्सी'.

'त्यू' आणि 'व्हू' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही, त्यामुळे इथे मराठी माणसाला कल्पना समजावून सांगावी लागत नाही. वापर मात्र वेगळा. आपण दुकानातल्या पोराला सहज 'अरे' म्हणतो. तिथे वीस वर्षांच्या कॅशियरलाही 'व्हू'च. वर्गातली मुलं पहिल्याच दिवशी 'त्यू'वर येतील, प्राध्यापकांना 'व्हू'. मोठ्या माणसाने 'त्यू'ची मुभा देईपर्यंत आपण थांबायचं.

आता उच्चार. वर मी देवनागरीत लिहिलंय ते तात्पुरत्या आधारासाठी. चार दिवसांनी ते सोडा आणि ध्वनिफितीवरून शिका. 'झ'चंच बघा. बोंझूरमधला झ 'झेंडा'तलाही नाही आणि 'झरा'तलाही नाही. गळ्यावर बोट ठेवून लांब 'श्श्श' म्हणा, मग जीभ न हलवता आवाज चालू करा. बोटाला थरथर जाणवली की तो झ. 'त्यू'मध्ये खरं तर 'य' नाहीच: जीभ 'ई'च्या जागी, ओठ 'ऊ'सारखे गोल. हा स्वर चुकला की 'रस्ता' म्हणताना 'चाक' म्हणून मोकळे व्हाल, कारण त्या दोन शब्दांत फरक फक्त याच स्वराचा आहे.

'बों'मध्ये जीभ टाळूला लागू द्यायची नाही आणि ओठ मिटायचे नाहीत. मराठी अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे न किंवा म होतो, ती सवय इथे नडते. हिंदीतला 'हाँ' म्हणून पाहा, ती जात. कोंकणी बोलणाऱ्यांना हे फारसं शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट आपल्याला आयती मिळते: फ्रेंच त आणि द दातांनाच लागतात, आणि प, त, क यांत हवेचा फुत्कार नसतो. म्हणजे आपलेच वर्ण. इंग्रजीच्या सवयीने त्यांचं 'ट', 'ड' करू नका.

समोरचा भरभर बोलला तर 'प्ल्यू लांतमां, सिल व्हू प्ले', म्हणजे जरा सावकाश. पुस्तकात नसलेला 'शे पा' कानावर पडेल, तो 'मला माहीत नाही'चा झिजलेला उच्चार.

मुंबई-पुण्यात आलियाँस फ्रांसेझचे वर्ग आहेत. परवडत असेल तर जा, बोलायला माणूस मिळतो.

शेवटचा महिना आकड्यांना द्या. ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस. आपल्या जुन्या माणसांच्या 'चार विसा'सारखंच. ९९ होतात 'कात्र-व्हँ-दीझ-नफ', म्हणजे चार-वीस-एकोणीस. किमती ऐकून आकड्यांत लिहायचा सराव करा, आणि 'कात्र' ऐकू येताच ४ लिहून टाकू नका. मागून 'व्हँ' येतोय का, तेवढं थांबा.