देवक एक, म्हणून बहीण-भाऊ?

‘मावशी, मी २७ वर्षांची. नोकरी हिंजवडीत, गाव मुळशी तालुक्यात. ज्याच्याशी लग्न करायचंय तो सासवडचा. जात एक, घरं तोलामोलाची. पण दोघांचंही देवक पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पानं, निघालं. थोरले चुलते म्हणतात, एका देवकाची पोरं म्हणजे बहीण-भाऊ; हे लग्न झालं तर भावकीतलं कुणी मांडवात पाय ठेवणार नाही. वडील गप्प आहेत. धाकट्या भावाचंही जमवायचंय. भावकी तोडू की त्याला सोडू?’

पोरी, त्याला सोडू नकोस. आणि भावकी तोडायची भाषाही इतक्यात नको. घरात माणूस गेलं की न बोलावता धावत येते, खांदा देते, तुमच्याबरोबर सुतक धरते ती हीच भावकी. चुलत्यांचा राग मला कळतो. देवक ही कुळाची खूण. ती मांडवात आल्याशिवाय आपल्याकडे लग्न उभं राहत नाही. एका रक्ताची माणसं एकमेकांत लग्न करू नयेत, ही काळजी त्या नियमात आहे.

पण पंचपालवी कितीतरी आडनावांचं देवक आहे. तेवढ्यावरून बहीण-भाऊ ठरवायचं तर मुळशी-पुरंदरात सोयरीक जमायचीच मुश्कील! शिवाय याच समाजात मामाची मुलगी हौसेनं सून करून आणतात. सख्ख्या बहीण-भावाची लेकरं चालतात आणि कधी तोंड न पाहिलेल्या दोन घरांतली चालत नाहीत? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्व्यांनी नात्यागोत्याच्या या रीतींचाच अभ्यास केला. उत्तरेत बहुतेक ठिकाणी मामाची मुलगी बहीण मानतात, दक्षिणेत तिच्यावर लग्नाचा हक्क सांगतात, आपण मधल्या पट्ट्यातले. मुलूख बदलला की बहीण कोण हेही बदलतं, हे चुलत्यांना शांतपणे सांगता येईल.

कायदा देवक बघत नाही. सगोत्र विवाहाची आडकाठीही १९४६ मध्येच गेली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सपिंड, म्हणजे जवळच्या रक्ताचं, नातं बघतो: स्वतःला धरून वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. तेवढी वंशावळ दोन्ही घरांची लिहून काढ. आत्याला बरोबर घे. माहेरची नाती आत्याला तोंडपाठ असतात आणि थोरल्या भावाला चार शब्द सुनावायचा मान तिचाच. दोन्हीकडे एकही नाव जुळलं नाही, तर तो कागद चुलत्यांपुढे आत्यानंच ठेवावा, तू नव्हे.

एखाद्यानं लग्नाला न येणं हा गुन्हा नाही, त्याचं दुःख तुला सोसावं लागेल. पण ‘यांच्याकडे कुणी जायचं नाही, यांना कुठल्या कार्याला बोलवायचं नाही’ असं फर्मान निघालं, तर मात्र सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे भावकीला धमकी म्हणून सांगू नकोस. वडिलांना मात्र सांग. त्यांच्या गप्प बसण्यात विरोध कमी आणि एकटं पडण्याची भीती जास्त असावी, असं मला वाटतं. त्यांना एकट्याला गाठ, शेतावर ने, आणि विचार, ‘तुम्हाला स्वतःला मुलगा पसंत आहे का?’

आणि भावाला आजच फोन कर. त्याच्या सोयरिकीचा प्रश्न आहे. ही गोष्ट त्याला चुलत्यांच्या तोंडून कळायला नको.