संमोहनात मी काही बोलून गेले तर?

‘‘मॅडम, एकच विचारते. त्या अवस्थेत माझ्या तोंडून भलतंच काही निघालं तर?’’

यजमान फोन घ्यायला बाहेर गेले तेवढ्यात सुनंदाताईंनी हे विचारून घेतलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) संमोहन उपचारांसाठी येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हा प्रश्न घेऊनच येते. कुणी उघड विचारतं, कुणी ‘माझ्या मैत्रिणीला वाटतं की...’ अशी सुरुवात करून.

सुनंदाताई पंचेचाळिशीच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा दुसऱ्या गावात, रोजचा प्रवास एसटीचा. घरातून निघायची वेळ झाली की पोटात कळ यायची. दोन-तीनदा जाऊन आलं तरी बसमध्ये पुन्हा कळ येईल ही धास्ती. आधी सकाळचा नाश्ता सुटला, मग लग्नाकार्यांना जाणं सुटलं. रस्त्यातल्या कोणत्या स्टँडवरचं स्वच्छतागृह उघडं असतं आणि कोणत्या पेट्रोल पंपावर आत सोडतात, हे त्यांना पाठ होतं. पोटाच्या डॉक्टरांनी रक्त, शौच आणि कोलोनोस्कोपी अशा सगळ्या तपासण्या करून आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असं निदान केलं होतं. गोळ्या आणि पथ्य वर्षाहून अधिक काळ चालू होतं. फरक जेमतेम, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

घरचे म्हणत, रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे मनाचे खेळ आहेत. हे वाक्य त्यांना फार लागलं होतं, आणि लागायलाच हवं, कारण ते खरं नाही. आयबीएसमधली कळ खरीच असते. आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते. या आजारात आतड्यातली साधी हालचालही मेंदूपर्यंत दुखणं म्हणून पोहोचते, आणि धास्तीने आतड्याची गती आणखी बिघडते. संमोहन उपचार काम करतात ते या देवाणघेवाणीवर.

आता त्यांची भीती. गावच्या गणेशोत्सवात त्यांनी संमोहनाचा प्रयोग पाहिला होता. एक तरुण कच्चा कांदा सफरचंद समजून खात होता, लोक हसत होते. यजमानांच्या डोक्यात टीव्हीवरची नार्को टेस्ट. मी दोन्ही गोष्टी मोकळ्या केल्या. रंगमंचावर प्रयोग करणारा आधी प्रेक्षकांतून सूचना चटकन घेणारी माणसं निवडून काढतो. वर गेलेला माणूस स्वखुशीने गेलेला असतो, आणि शेकडो डोळे त्याच्याकडून काहीतरी घडण्याची वाट पाहत असतात. नार्कोमध्ये शिरेतून औषध देतात, आणि कुणावरही ती चाचणी सक्तीने करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. संमोहनात औषध नाही, सक्तीही नाही. तुमचं लक्ष आतल्या एका अनुभवावर एकवटतं, आजूबाजूचं मागे पडतं आणि सूचना मनाला सहज भिडते. जाणीव जागी असते. जे बोलायचं नाही ते न बोलण्याची मुभा तुमच्याकडेच राहते. हवं तर खोटंही बोलता येतं.

‘‘आणि पोटाच्या उपचारात मला तुमच्याकडून कोणतीही गोष्ट काढून घ्यायची नाहीये,’’ मी म्हणाले. त्यांच्या मनात नेमकं काय होतं ते मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. यजमान बाहेर बसतील, बैठकीतलं काहीही त्यांना सांगितलं जाणार नाही, आणि तुम्ही केव्हाही डोळे उघडून थांबवू शकता, एवढं तिघांसमोर ठरलं.

पहिली खरी बैठक अगदी साधी होती. पाठीला टेकू असलेली खुर्ची, समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका, संथ श्वास, पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. मग पाय, मांड्या, पोट, खांदे असं क्रमाने सैल सोडत जाणं. मध्येच शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. शेवटी मी आकडे मोजत त्यांना परत आणलं, तेव्हा त्या थोड्या खट्टू दिसल्या. ‘‘मॅडम, मला सगळं ऐकू येत होतं. शिट्टीसुद्धा. म्हणजे मला काही झालंच नाही.’’

या निराशेपायी कितीतरी माणसं दुसऱ्या वेळी येतच नाहीत, म्हणून इथे जरा थांबते. संमोहन ही झोप नव्हे. ऐकू येणं, विचार चालू असणं, मध्ये नाक खाजवणं, यांतल्या कशानेच काही बिघडत नाही. ‘जागं झालो नाही तर?’ या भीतीलाही हेच उत्तर: समजा मी मध्येच उठून गेले, तर तुम्ही थोड्या वेळाने आपणहून डोळे उघडाल, फार तर डुलकी लागेल आणि मग उठाल. सूचना ग्रहण करण्याची क्षमता प्रत्येकात वेगळी असते. ती मोजण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये मापनश्रेणी तयार झाली. अगदी सहज संमोहित होणारे थोडे, जवळजवळ न होणारेही थोडे, बाकीचे बहुतेक मधले. मधल्यांनाही उपचाराचा उपयोग होतो.

पुढच्या वेळी मी खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची कल्पना वापरली. ती पुष्कळ ठिकाणी वापरतात. बैठक संपल्यावर सुनंदाताई म्हणाल्या, ‘‘मी काही उतरले नाही हं. माझे गुडघे दुखतात. मी आपली वरच बसून राहिले, पण बरं वाटलं.’’ मी विचारलं, ‘‘मग ताबा कुणाकडे होता?’’ त्या हसल्या. माझ्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते त्या न उतरलेल्या पायऱ्यांनी झालं. बोलून जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग पायऱ्या सोडून दिल्या आणि त्यांच्याच आयुष्यातलं काही शोधलं. माहेरी ऊस होता. लहानपणी भावाबरोबर त्या रात्रीच्या पाळीला दारं धरायला जायच्या. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, सरी भरली की खोऱ्याने माती ओढून ते दार बंद करायचं, पुढचं उघडायचं. पाणी धो धो आलं तर बांध फुटतो, अडलं तर मागे तुंबतं. आतड्यासाठी दिल्या जाणाऱ्या संमोहनात संथ वाहत्या नदीचं चित्र बरेचदा वापरतात. सुनंदाताईंची नदी म्हणजे हा पाट. दोन्ही तळवे पोटावर, तळव्यांची ऊब आत पसरतेय, आणि खोरं त्यांच्या हातात. पाणी किती सोडायचं ते त्या ठरवणार. हेच मी ध्वनिमुद्रित करून दिलं, रोज झोपण्यापूर्वी ऐकायला. रोजच्या सरावावर खूप काही अवलंबून असतं, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

या पद्धतीला आधार आहे. मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या आयबीएसच्या ३० रुग्णांवरचा अभ्यास मांडला. संमोहन मिळालेला गट स्पष्टपणे अधिक सुधारला. वर्षभर औषधं घेऊनही त्रास राहिलेल्यांसाठी ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही हा पर्याय आहे. सहसा सात ते बारा बैठका लागतात. (आपल्या देशाशीही संमोहनाचं जुनं नातं आहे. जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने बंगालमध्ये हुगळीला १८४५ पासून मेस्मेरिझम या संमोहनाच्या पूर्वरूपाने, भुलीचं औषध न देता, मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ते मागे पडलं.)

सुनंदाताईंचं काय झालं? आधी कळ तीच राहिली, पण कळ आली की उडणारी घाबरगुंडी कमी झाली. मग कळेचे दिवस कमी झाले. नाश्ता सुरू झाला, आधी अर्धी भाकरी, मग पोहे. पुतणीच्या लग्नाला त्या वऱ्हाडाच्या गाडीतून गेल्या. आजार मुळापासून गेला असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आणि निवडणुकीच्या कामाच्या दिवसांत पोट अजूनही बिनसतं, तेव्हा त्या पुन्हा ध्वनिमुद्रण लावतात.

मध्यंतरी त्यांच्या एका नातेवाइकाने सुचवलं, संमोहनातून पूर्वजन्म पाहून घ्या, पोटदुखीचं मूळ तिथे सापडेल. मी ठामपणे नाही म्हटलं. संमोहनात आठवलेलं अधिक खरं असतं असं अजिबात नाही. तिथे कल्पना आणि आठवण सहज मिसळतात, आणि जे दिसलं त्यावरचा विश्वास मात्र वाढतो. अशा ‘आठवणीं’वरून आई-वडिलांवर, सासरच्यांवर संशय घेणारी माणसं मी पाहिली आहेत. ती जखम भरून येणं फार अवघड असतं.

शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल, पोटाच्या दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर संमोहनाचा विचार नंतर, आधी डॉक्टर. भास होत असतील किंवा सायकोसिसचं (वास्तवाचं भान सुटणाऱ्या मनोविकाराचं) निदान झालं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे करूच नये. फिटचा त्रास असेल तर तेही आधी सांगावं.

उपचार करणाऱ्या व्यक्तीला पहिल्या भेटीतच विचारा: तुमचं मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? नुसतं संमोहनाचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. ज्या आजारावर संमोहनाशिवाय उपचार करण्याचं प्रशिक्षण नाही, त्यावर संमोहनानेही करू नयेत. एका बैठकीत हमखास बरं करण्याची भाषा कुणी केली किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तिथून उठून या. सोबत कुणाला बाहेर बसवायचं असेल तर तसं सांगा, कोणताही जबाबदार उपचारक हरकत घेणार नाही. आणि फरक पडला नाही तर पुढे काय, हेही विचारा. माझ्याकडे तीन-चार बैठकांनंतर आम्ही दोघं मिळून आढावा घेतो. काहीच हललं नसेल, तर मी तसं स्पष्ट सांगते आणि ज्या डॉक्टरांनी पाठवलं त्यांना पत्र लिहून कळवते.